चिडू नकोस, बाबा!

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्याकडे लुडोचा पट मांडला जायचा आणि बहुतेक वेळा उधळूनच संपायचा. घराच्या तोंडाशी आलेली सोंगटी कुणी मारली, की कुणीतरी पटच उलटा करायचं. मग बाकीचे टाळ्या पिटत 'चिडका बिब्बा' सुरू करायचे. तो बिब्बा बहुधा मीच असायचो. त्यामुळे जर्मनीत याच जातीच्या एका खेळाचं नावच 'चिडू नकोस, बाबा' असं आहे हे वाचलं, तेव्हा नाव ठेवणाऱ्याच्या घरात काय चालत असेल ते लगेच कळलं.

'मेन्श, एर्गेरे डिश निष्ट' हा तो खेळ. म्युनिकच्या योझेफ फ्रीडरिश श्मिट यांनी १९०७-०८च्या हिवाळ्यात आपल्या तीन मुलांना गुंतवून ठेवायला तो तयार केला. १९१४मध्ये तो मोठ्या प्रमाणात छापून निघाला आणि त्याच वर्षी महायुद्ध पेटलं. श्मिट यांनी लष्करी इस्पितळांना सुमारे ३००० संच पाठवले. जखमी सैनिक तिथे तो खेळले आणि घरी परतल्यावर त्यांच्यामुळे तो घरोघर पोचला. हातपाय गमावलेल्या माणसाला खोक्यावरचं ते नाव वाचून काय वाटलं असेल?

या खेळाचं मूळ मात्र आपल्याकडच्या पचिशीत आहे. फत्तेपूर सिक्रीच्या अंगणात तिचा भला मोठा पट आजही दिसतो. एकोणिसाव्या शतकात ती पश्चिमेला गेली. अमेरिकेत 'पार्चिसी' झाली, इंग्लंडमध्ये १८९६ साली तिचा 'लुडो' झाला. वाटेत कवड्या जाऊन एक फासा आला, आणि आणखी एक गोष्ट गळली, ती म्हणजे जोडीदार.

पचिशीत समोरासमोर बसलेले दोघे एका बाजूचे. माझ्या चारही सोंगट्या घरी पोचल्या तरी डाव जिंकलेला नसतो, जोडीदाराच्याही पोचाव्या लागतात. तो मागे पडला, तर माझी सोंगटी आणखी एक फेरा घालून त्याच्या मदतीला जाऊ शकते. नको असलेलं दान सोडून देता येतं आणि फुलीच्या घरात सोंगटी सुरक्षित असते. श्मिट यांच्या पटावर अशी फुलीची घरं नाहीत. सहा पडल्याशिवाय सोंगटी बाहेर निघत नाही आणि मार बसला की पुन्हा पहिल्यापासून. दोष फाशाचा, पण हरणारा एकटा.

पचिशीत भांडणं होत नसत असं नाही. जोडीदाराच्या एका चुकीवरून दिवसभर अबोला धरता येतो. पण हरल्यावर आपल्या बाजूचं कुणीतरी समोर बसलेलं असतं. पट उधळताना मला ते हवं होतं, असं आता वाटतं. आमच्या खेळांत सगळ्यात धाकट्याला 'कच्चा लिंबू' करायची सोय होती. तो खेळायचा, पण बाद व्हायचा नाही. मोठं झालं की ती सवलत संपायची आणि 'रडीचा डाव' हा शिक्का तेवढा उरायचा.

हल्ली घरात लुडो निघाला की आम्ही जोड्या लावतो. माझी जोडीदार सात वर्षांची भाची. परवा शेवटच्या घरात सोंगटी मेल्यावर तिने पट उधळलाच. मी काही बोललो नाही. दोघांनी मिळून सोफ्याखालच्या सोंगट्या शोधल्या आणि पुन्हा मांडल्या.