पायथॉनचे बिऱ्हाड

बिऱ्हाड हलवण्याची दगदग ज्यांनी सोसली आहे, त्यांना ही हकीकत परकी वाटू नये. हे बिऱ्हाड एका भाषेचे. आमच्या शाळेतली मुले संगणकाच्या तासाला पायथॉन शिकतात, तीच ही भाषा. गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थाने १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत, हाताला काही उद्योग हवा म्हणून ती रचावयास घेतली. (सुट्टीत आम्ही मास्तर मंडळी काय करतो, ते विचारू नका!) ती मोफत तर आहेच, शिवाय तिची मूळ संहिता वाटेल त्याने वाचावी, सुधारावी, अशी मोकळीक आहे. यालाच ओपन सोर्स म्हणतात.

पण दहा देशांतल्या माणसांनी एकाच संहितेवर हात चालवायचा, तर ती ठेवायची कुठे?

इसवी सन २००० मध्ये ती सोर्सफोर्ज नावाच्या सार्वजनिक धर्मशाळेत उतरली. २००५ साली मंडळींनी ती आपल्या मालकीच्या सर्व्हरवर आणली. २०११ मध्ये मर्क्युरिअल ही नवी साधने आली, पण घर तेच, स्वतःचे. स्वतःच्या घराचे सुख मोठे खरे. पण कौले शाकारायची ती आपणच, आणि इथले शाकारणारे सारे बिनपगारी. बाहेरचा कोणी होतकरू एखादी दुरुस्ती पाठवी आणि ती महिनोन् महिने पडून राही. पाहुणा दारात ताटकळतो आणि घरच्यांना उठायला सवड नाही, तशातली गत.

तेव्हा २०१४-१५ मध्ये वाद पेटला. ऑस्ट्रेलियाचा निक कॉगलन म्हणे, घर आपलेच असू द्या, आणि त्यातली साधनेही मुक्त असू द्या. डोनाल्ड स्टफ्टचे म्हणणे, जिथे माणसांची वर्दळ आहे तिथे, म्हणजे गिटहबवर, चला. गिटहब ही खाजगी कंपनी. तिच्या यंत्राची स्वतःची संहिता मात्र कुलूपबंद! बॅरी वॉर्सा याने गिटलॅब सुचवले. त्याची एक आवृत्ती तरी खुली होती. भाड्याच्या घराची धास्ती काही काल्पनिक नव्हती. त्याच २०१५ च्या मार्चमध्ये गूगलने आपले 'गूगल कोड' हे आवार बंद करण्याचे जाहीर केले होते. एवढा गबर घरमालक, पण त्यानेही बिऱ्हाडकरूंना जागा सोडायला सांगितलीच.

निवाड्याचे काम ब्रेट कॅनन याच्याकडे होते. १ जानेवारी २०१६ रोजी त्याने कौल दिला : गिटहब. कारणे ऐकून मी थोडा हिरमुसलोच. दोन्ही जागांत फारसा फरक नाही, बहुतेकांना गिटहबची सवय आहे, आणि गिडोलाही तीच पसंत आहे, एवढीच! तत्त्वाच्या लढाईचा निकाल सवयीने लागला. माझे मत विचाराल तर मी कॉगलनच्या बाजूने हात वर केला असता. मात्र रात्री दोन वाजता बंद पडलेला सर्व्हर उठवायला मी गेलो असतो का, हे मला कोणी विचारू नये.

कॅननच्या पदरात एक गोष्ट भक्कम होती. गिट या पद्धतीत प्रत्येकाजवळ संहितेची, तिच्या साऱ्या इतिहासासकट, पूर्ण प्रत असते. मालक उलटला तरी ट्रंक उचलून चालू पडता येते. ट्रंकेत मावत नाही ते संभाषण : कोणाची तक्रार, कोणाचे उत्तर, अमुक एक गोष्ट का नाकारली त्याचे कारण. म्हणून १० फेब्रुवारी २०१७ ला संहिता गिटहबवर गेली, तरी तक्रारींची वही मंडळींनी आपल्याच घरी ठेवली. मला यात मोठा शहाणपणा दिसतो.

पुढच्याच वर्षी, जून २०१८ मध्ये, मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरांना गिटहब विकत घेण्याचे जाहीर केले. भाडेकरू जागेवरच, मालक बदलला. पुष्कळ प्रकल्पांत खळबळ उडाली. पायथॉन हलली नाही. २०२० मध्ये खुद्द गिडो मायक्रोसॉफ्टच्या नोकरीत रुजू झाला. आणि एप्रिल २०२२ मध्ये तक्रारींची ती वहीसुद्धा गिटहबवर गेली. जुनी वही वाचण्यापुरती तेवढी उघडी ठेवण्यात आली.