‘मसीहा’ व्हायोलिन : अस्सल कीं नक्कल ?

जुन्या कागदाची पारख करतांना केवळ शिक्कामोर्तबावर विसंबूं नये, हा नियम आमच्या वाचकांस नवा नाहीं. तो वाद्यांसही कसा लागू पडतो, हें इटलींतील क्रेमोना येथील कारागीर अंतोनियो स्त्रादिवारी (मृत्यु इ. स. १७३७) याच्या नांवावर असलेल्या ‘मसीहा’ व्हायोलिनवरून दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे. हें वाद्य ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयांत असून त्याच्या पोटांतील चिठ्ठीवर १७१६ हें साल आहे. स्त्रादिवारीचीं इतर बहुतेक वाद्यें वाजून वाजून झिजलीं. हें मात्र फारसें न वाजल्यामुळें त्याच्या कडा व रोगण नव्यासारखीं राहिलीं. त्याच्याशीं ताडून इतरांची पारख होते. सबब हेंच नक्कल ठरल्यास मापच खोटें ठरेल.

प्रथम चिठ्ठीचा पुरावा पाहूं. स्त्रादिवारीच्या चिठ्ठींत नांव व गांव लॅटिन भाषेंत छापलेलें असे. सालाचे शेवटचे आंकडे हातानें लिहिलेले असत. परंतु एकोणिसाव्या शतकांत तशाच चिठ्ठ्या हजारों कारखानी व्हायोलिनांत चिकटविल्या गेल्या. तेव्हां एकट्या चिठ्ठीवर निर्णय करतां येत नाहीं.

दुसरा पुरावा मालकीच्या परंपरेचा. स्त्रादिवारीचा पुत्र पाओलो यानें उरलेलीं वाद्यें इ. स. १७७५ च्या सुमारास काउंट कोझिओ या संग्राहकास विकलीं. त्याजकडून इ. स. १८२७ त लुइजी तारिसिओ या व्यापाऱ्यानें हें वाद्य घेतलें, असें परंपरा सांगते. तारिसिओ इ. स. १८५४ त वारला. पुढील वर्षीं पॅरिसचा वाद्यकार व्ह्युओम यानें त्याचा संग्रह विकत घेतला. व्ह्युओमनें ‘मसीहा’ची दांडी लांबविली व खुंट्या बदलल्या. शेवटीं लंडनच्या हिल घराण्याकडून तें संग्रहालयास मिळालें. मात्र व्ह्युओम हा हुबेहूब नकला करण्यांत निष्णात होता. संशयाचें मूळ येथेंच आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस स्ट्यूअर्ट पोलेन्स यांनीं, कोझिओच्या टिपणांतील वर्णन या वाद्याशीं जुळत नाहीं, असा आक्षेप घेतला.

तिसरा साक्षी लांकूड. व्हायोलिनची तबली स्प्रूस वृक्षाची असते. त्यांत दरवर्षीं एक वलय पडतें व हवामानाप्रमाणें त्याची रुंदी बदलते. हा क्रम आल्प्समधील साल ठरलेल्या वलयांशीं ताडला जातो. छायाचित्रांवरून केलेल्या मोजणींत शेवटचें वलय १७३८ चें, म्हणजे कर्त्याच्या मृत्यूनंतरचें, निघालें. परंतु प्रत्यक्ष वाद्यावरून केलेल्या व इ. स. २००० आणि २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या दोन मोजण्यांत तें १६८० नंतरच्या दहा वर्षांतील ठरलें.

याचा अर्थ बेतानेंच घ्यावा. कागदांतील जलचिन्ह लेख कोणत्या सालापूर्वींचा नाहीं एवढेंच सांगतें. लेखक कोण, हें सांगत नाहीं. वलयांचेंही तसेंच. जुन्या फळीवर नवी नक्कल होऊं शकते. वलयांनीं एक जबर आक्षेप मात्र दूर केला. मालकीची परंपरा व वाद्याची घडण यांस लांकूड विरोध करीत नाहीं. म्हणून वाद्य अस्सल मानण्याकडे आमचा कल आहे.

कोझिओचीं टिपणें अधिक नेमकीं असतीं तर वाद इतका वाढता ना. संग्राहकांनीं यावरून बोध घ्यावा : वस्तु कोणाकडून, केव्हां आली व तींत कोणती दुरुस्ती झाली, हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें.