यकृत व उदरातील महानीला : गंभीर इजा आणि शस्त्रोपचार

वाहनाची धडक, उंचावरून पडणे किंवा भोसकले जाणे यांमुळे यकृत फाटते, किंवा त्याच्या मागून जाणारी अधोमहानीला, म्हणजे शरीराच्या खालच्या भागातील रक्त हृदयाकडे नेणारी सर्वांत मोठी नीला, आणि तिला मिळणाऱ्या यकृत नीला तुटतात. प्रौढ व्यक्तीच्या यकृतातून मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहते व त्यातील तीन चतुर्थांश आतड्यांकडून येणाऱ्या प्रवेशिका नीलेतून येते, त्यामुळे मोठ्या इजेत थोड्याच वेळात रक्तदाब कोसळतो.

अशा रुग्णाला वेळेत रुग्णालयात पोहोचवणे किती कठीण असते, याचे सुरत हे एक उदाहरण. सुरत हे राष्ट्रीय महामार्ग ४८ आणि हजिऱ्याहून सोनगड, नवापूर, धुळे या मार्गाने पूर्वेकडे जाणाऱ्या महामार्ग ५३ यांवरील शहर आहे. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे न्यू सिव्हिल हॉस्पिटल आणि महानगरपालिकेचे स्मीमेर रुग्णालय यांच्याकडे दक्षिण गुजरातच्या खेड्यांतून, तसेच सीमेपलीकडच्या नवापूर भागातूनही रुग्ण पाठवले जातात. साहजिकच उपचाराचा बराच वेळ रस्त्यावर जातो.

रक्तदाब स्थिर असलेल्या रुग्णाचे सीटी स्कॅन करून इजेची १ ते ५ अशी प्रत ठरवतात, आणि अशा बहुतेक रुग्णांना पोट न उघडता, देखरेखीखाली ठेवून बरे करता येते. रक्त देऊनही दाब सावरत नसेल आणि खाटेपाशीच केलेल्या सोनोग्राफीत पोटात रक्त दिसत असेल, तर स्कॅनची वाट न पाहता रुग्णाला शस्त्रक्रियागृहात नेतात.

पोट उघडल्यावर यकृत दोन्ही हातांनी दाबून धरतात आणि त्याच्या वर-खाली मॉप, म्हणजे कापडी घड्या, ठासतात. ग्लासगोचे शल्यचिकित्सक जेम्स हॉगार्थ प्रिंगल यांनी १९०८ मध्ये सांगितलेल्या पद्धतीत यकृत धमनी, प्रवेशिका नीला व पित्तनलिका ज्या घडीतून जातात ती चिमट्याने दाबतात. तरीही रक्त उसळत राहिले, तर इजा यकृतामागच्या नीलांना झाली आहे असे समजावे. तेथे यकृत उचलून पाहण्याचा मोह अनेकदा घातक ठरतो, कारण आजूबाजूच्या ऊतींनी धरलेली गुठळी सुटते व हवा नीलेत शिरू शकते. शल्यचिकित्सक श्रॉक यांनी १९६८ मध्ये वर्णिलेली, हृदयाच्या कप्प्यातून अधोमहानीलेत नळी घालण्याची युक्ती ग्रंथांत जितकी प्रसिद्ध आहे तितकी व्यवहारात यशस्वी नाही.

गारठा, रक्तातील आम्लता आणि रक्त न गोठणे ही तीन लक्षणे एकत्र दिसू लागली, की दुरुस्ती अर्धी सोडून पोट तात्पुरते झाकणे हेच शहाणपणाचे असते. रुग्णाला अतिदक्षता विभागात ऊब, रक्तपेशी, प्लाझ्मा व प्लेटलेट देऊन सावरतात आणि साधारण २४ ते ७२ तासांनी घड्या काढतात. याच रीतीने लहान गावातील शल्यचिकित्सकाने घड्या ठासून रुग्ण सुरतेस पाठवणे हे अपुरे काम नव्हे. बहुधा तेच योग्य काम असते. मूत्रपिंडांच्या खालची अधोमहानीला नाइलाज झाल्यास बांधून टाकता येते व पायांना सूज येऊनही रुग्ण वाचू शकतो. त्यावरच्या भागात मात्र हा मार्ग फारच धोक्याचा ठरतो.

पुढे पित्तगळती किंवा गळू होऊ शकते, आणि क्वचित काही आठवड्यांनी धमनीतील रक्त पित्तमार्गात उतरते. कावीळ, पोटदुखी व काळे शौच दिसल्यास अशा रुग्णाने गावाकडे न थांबता लगेच परत यावे, कारण ही धमनी बहुधा मांडीतून नळी नेऊन बंद करता येते.