लाख वारकरी आणि एक ट्रक

१६८५. ज्येष्ठ वद्य सप्तमी, देहू. तुम्ही इंद्रायणीच्या काठी उभे आहात. पायात चप्पल नाही, हे कळतं ते चिखल बोटांच्या बेचक्यातून वर आल्यावर. गादीवर संभाजी महाराज आहेत, औरंगजेब दख्खनेत ठाण मांडून बसलाय, आणि इथे तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज वडिलांच्या पादुका पालखीत ठेवून निघाले आहेत. आधी आळंदी, तिथून ज्ञानोबांच्या पादुका बरोबर घ्यायच्या, मग पंढरपूर. हा पालखी सोहळा सव्वातीनशे वर्षांहून जास्त टिकणार आहे, हे इथे एकट्या तुम्हालाच ठाऊक आहे. बोलू नका, चालू लागा.

चाल ताशी चार किलोमीटरची. तुमच्या शेजारचा माणूस अंगानं साठ किलोचा असावा. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन, असा शाळेतला हिशेब केला तर त्याच्या चालण्यातली गतिज ऊर्जा ३७ जूल भरते. दमलेलं पोर त्यानं खांद्यावर घेतलं, वीस किलो वाढले, तरी आकडा ४९च्या पुढे जात नाही. वजन एक तृतीयांशानं वाढलं, ऊर्जाही तेवढीच वाढली. आता मागे बघा. पाणी प्यायला थांबलेला एक पोरगेला गडी दिंडी गाठायला धावत येतोय, ताशी बारानं. त्याचंही वजन साठच. वेग तिप्पट, ऊर्जा मात्र नऊपट: ३३३ जूल. तो तुमच्या खांद्याला घासून गेला की तुम्ही दोन पावलं भेलकांडता; पोर खांद्यावर घेतलेल्याचा धक्का तुम्हाला जाणवलाही नव्हता.

हे नऊपट कुठून आलं? काठावरचा एक गुळगुळीत गोटा उचला. ओल्या गाळात हातभर उंचीवरून सोडा, मग शेजारीच चार हात उंचीवरून सोडा. गाळाला टेकताना दुसऱ्या खेपेचा वेग पहिल्याच्या दुप्पट असतो, चौपट नव्हे. खळगा मात्र साधारण चौपट पडतो. बोटं घालून चाचपून बघा, हवं तर.

गंमत अशी की नेमकी हीच गोष्ट युरोपात पुढच्याच वर्षी पेटणार आहे. १६८६मध्ये लायब्निट्झ देकार्तच्या अनुयायांना अंगावर घेतो: चालत्या वस्तूतलं बळ मोजायचं तर वस्तुमानाला नुसत्या वेगानं गुणून भागणार नाही, वेगाच्या वर्गानं गुणा. भांडण काही दशकं चालतं. १७२२च्या सुमारास हॉलंडमधला ग्राव्हेसान्डे पितळी गोळे मऊ मातीत टाकून खळगे मोजतो आणि माती लायब्निट्झच्या बाजूनं साक्ष देते. एमिली द्यु शातले १७४०च्या आपल्या ग्रंथात तीच बाजू मांडते. सूत्रातलं ‘भागिले दोन’ रूढ व्हायला १८२९ साल आणि फ्रान्सचा कोरिओलिस यावा लागतो. तेही भांडण खोटं नव्हतं म्हणा. नुसत्या वेगाचा गुणाकारही खरा आहे, त्याला आपण संवेग म्हणतो. फक्त खळगा किती पडेल, हे तो सांगत नाही.

आता काळ पुढे सरकवा. १८५८च्या जूनमध्ये खंडाळा ते पुणे रूळ सुरू होतो. तिथे रेंगाळू नका. १९३०च्या पावसाळ्यात देहूरोडजवळ रुळाच्या कडेला, थोडं अंतर राखून थांबा. डोक्यावर विजेच्या नव्याकोऱ्या तारा आहेत. १ जूनपासून डेक्कन क्वीन धावू लागली आहे, सात डब्यांच्या दोन गाड्या: एक रुपेरी, लाल पट्ट्यांची, दुसरी निळी, सोनेरी रेघांची. तुमच्यासमोरून गेली ती निळी. खडी पायाखाली थरथरते, धोतराचा सोगा गाडीच्या दिशेनं ओढला जातो. इंजिनासकट चारशे टन आणि वेग ताशी ८० धरला, तर या गाडीत सुमारे ९९ मेगाजूल ऊर्जा आहे. हा आकडा हाताशी ठेवा.

आता आजच्या काळातली वारी. पालखी इनामदार वाड्यातला मुक्काम आटोपून आकुर्डीकडे निघाली आहे. देहूरोड, निगडी, जुना मुंबई-पुणे रस्ता. तुम्ही पुन्हा दिंडीत, या खेपेला पायात कॅनव्हासचे बूट आणि डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद. आजूबाजूला एक लाख माणसं चालताहेत असं समजा. म्हणजे सहा हजार टन, डेक्कन क्वीनच्या पंधरापट. एवढं वस्तुमान या रस्त्यावरून एरवी कधीच एकत्र सरकत नाही.

आणि या सगळ्यांच्या चालीतली ऊर्जा? ३.७ मेगाजूल. एवढ्या उष्णतेत बारा लिटर पाण्याला उकळी फुटेल. लाख माणसांची चाल आणि रस्त्याकडेच्या टपरीवरचं चहाचं एक पातेलं, हिशेब बरोबरीत सुटला! (गर्दीत चेंगरून माणसं दगावतात ते दाबानं. तो विषय वेगळा, आणि त्यात असल्या आकड्यांचा भरवसा धरू नये.)

पलीकडे वाहतूक अडवून धरली आहे. रांगेत सर्वात पुढे एक ट्रक आहे, चाकणहून सुटे भाग भरून न्हावाशेव्याच्या बंदराकडे निघालेला, मालासकट २५ टन. तो आत्ता उभा आहे, म्हणजे त्याची गतिज ऊर्जा शून्य. रस्ता मोकळा झाला आणि त्यानं ताशी ६२ गाठला की लाख वारकऱ्यांशी त्याची बरोबरी होते. ८०ला तो ६.२ मेगाजूलवर असतो. तरी त्याचं वजन दिंडीच्या दोनशेचाळिसाव्या भागाएवढंच.

ट्रकच्या केबिनमध्ये चढा. किवळ्याला द्रुतगती मार्ग सुरू होतो, २००२पासून पूर्ण खुला झालेला. शेजारच्या लेनमधून एक मोटार शंभरनं निघून जाते. तिचं वजन बाराशे किलो धरलं तर ४६३ किलोजूल. भारत एनकॅपमध्ये, म्हणजे ऑक्टोबर २०२३पासून आपल्याकडे मोटारींना तारे देणारी जी चाचणी आहे तिच्यात, गाडी समोरून आदळवतात ती ताशी ६४ला. तेव्हा तिच्यात १९० किलोजूल असतात. पाच तारे मिळवून आलेला गृहस्थ शंभरनं हाकतो तेव्हा त्या चाचणीच्या जवळजवळ अडीचपट ऊर्जा सोबत नेतो. शोरूममध्ये हे कुणी सांगत नाही, आणि ग्राहकही विचारत नाही.

ट्रकची गोष्ट निघाली की लोक ओव्हरलोडच्या नावानं बोटं मोडतात. मोडावीतच. पण वीस टक्के जादा माल भरला तर ऊर्जा वीस टक्के वाढते. वीस टक्के जादा वेग घेतला तर चव्वेचाळीस. दोन्ही केलं तर त्र्याहत्तर. वजनकाट्यावर पावती फाटते ती यातल्या लहान गुन्ह्याची.

लोणावळा मागे पडतं. बोरघाटाचा उतार लागतो आणि क्लीनरची चुळबूळ सुरू होते.

“उस्ताद, न्यूट्रल टाका की. डिझेल वाचंल.”

तुम्ही मनात आकडा मांडा. खोपोलीपर्यंतचा उतार चारशे मीटरचा धरला, तरी २५ टनांचा हा ट्रक खाली येताना ९८ मेगाजूल मोकळे करणार. देहूरोडला समोरून गेलेल्या त्या अख्ख्या डेक्कन क्वीनएवढे. ते कुठेतरी जिरायला हवेत. गिअर घातलेला असला तर त्यातला मोठा वाटा इंजिन अंगावर घेतं. न्यूट्रलमध्ये ते सुटं होतं आणि सगळा भार ब्रेक ड्रमवर येतो. ड्रम तापत जातात, लायनिंगची पकड सुटते, जळका वास येतो, आणि त्यानंतर जो वेग चढतो त्याचा वर्ग होत राहतो.

उस्ताद आरशात मागची लेन बघतो आणि गिअर आणखी एक खाली घेतो. इंजिन घुमायला लागतं, काटा चाळिसाच्या आत येतो.

“डिझेल मालकाचं,” तो म्हणतो. “घाट आपला. बस गप.”