इटलीची झरणी, कागजीपुऱ्याचा कागद
तुरीन शहरी १९१९ साली स्थापन झालेल्या ऑरोरा कारखान्याची झरणी मी नुकतीच घेतली. तिचे सोन्याचे टोक डौलाने सरकते. परंतु या सुखाचे अर्धे श्रेय कागदाचे. खळ किंवा सरस न दिलेल्या कागदावर शाई फुटते.

चीनमधून निघालेली कागदाची विद्या अरबांमार्फत इटलीत पोहोचली. फाब्रियानोच्या कारागिरांनी १३ व्या शतकात सरसाचा उपाय योजिला. आमच्या छत्रपती संभाजीनगराजवळील कागजीपुऱ्यात ती विद्या, १३२७ साली तुघलकाने देवगिरीस राजधानी आणल्यावर रुजली, असे सांगतात. आपल्याकडे खळ देऊन, दगडाने घोटून कागद तुळतुळीत करीत.

गिऱ्हाइकावाचून कारागिरी टिकत नाही. झरणी खुशाल परदेशची असो. तिच्याखालचा कागद तरी शेजारच्या गावचा असावा, एवढीच विनंती.