पकडी मोजणारा माणूस

रग्बी म्हटलं की आपल्याला चिखल आणि धसमुसळेपणाच आठवतो. पण त्यातला १३ जणांचा प्रकार, म्हणजे रग्बी लीग, नीट पाहिलात तर कबड्डीची आठवण येते. पळणारा एक, त्याला धरणारे तिघं-चौघं. मुद्दा पकडीचा.

१९६७ पर्यंत सिडनीत पकडींना मर्यादाच नव्हती. चेंडू हातून जात नाही तोवर दहा वेळा पकडले गेलात तरी चेंडू तुमचाच. १९६७ मध्ये चार पकडींची मर्यादा आली, १९७१ मध्ये ती सहा झाली. सगळा हिशोबच बदलला! आता बचाव म्हणजे नुसता मार खाणं नाही. ठरलेल्या पकडी करा, चेंडू मिळवा. म्हणजे बचाव हीच चढाईची सुरुवात झाली.

हे पुरतं ओळखणारा माणूस म्हणजे जॅक गिब्सन. १९६६ मध्ये ईस्टर्न सबर्ब्स संघ अख्ख्या मोसमात एकही सामना जिंकला नव्हता. १९६७ मध्ये गिब्सन प्रशिक्षक झाला आणि तोच संघ पहिल्या चारांत आला. पुढे तो अमेरिकन फुटबॉलचे धडे घ्यायला अमेरिकेत गेला, सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सच्या डिक नोलनला भेटला. व्हिन्स लोम्बार्डीची 'सेकंड एफर्ट' ही फिल्म त्याने आपल्या खेळाडूंना दाखवली. पडल्यावर लगेच उठून पुन्हा जोर लावायचा, एवढंच तिचं सार.

आणि त्याने पकडी मोजायला सुरुवात केली. प्रत्येक खेळाडूने सामन्यात किती पकडी केल्या, कागदावर!

यात काय मोठं? आम्हा आयटीवाल्यांना आकडे म्हटलं की अप्रेझल आठवतं, आणि अंगावर काटा येतो. जे मोजलं जातं तेवढंच लोक करतात, हा रोजचा अनुभव. पण इथे मोजणीने उलटं काम केलं. ट्राय करणारा प्रेक्षकांना दिसतोच. मैदानाच्या मधोमध निमूटपणे पंचवीस-तीस पकडी करणारा फॉरवर्ड कुणाला दिसतो? तो आता कागदावर दिसू लागला. आणि बचावाची रांग एकाच्या आळसाने फुटते, तेव्हा आळशी कोण हेही लपेना.

नुसत्या पकडींनी विजेतेपद मिळत नाही हेही खरं. १९७४ आणि १९७५ मध्ये ईस्टर्न सबर्ब्स विजेते झाले. १९७५ चा अंतिम सामना ३८-० असा. मग पॅरामाटा. १९४७ पासून खेळणारा, पण एकदाही न जिंकलेला संघ. १९८१, ८२, ८३ अशी लागोपाठ तीन विजेतेपदं! तिथे पीटर स्टर्लिंग आणि ब्रेट केनी यांच्यासारखे चढाईतले जादूगार होते. केनीने तिन्ही अंतिम सामन्यांत प्रत्येकी दोन ट्राय केले. मला वाटतं, मागची फळी भक्कम असली की पुढच्याला धाडस परवडतं. चूक झाली तरी सावरणारे आहेत, हा भरवसा असतो.

एप्रिल २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या शतकातल्या संघाचा प्रशिक्षक म्हणून गिब्सनची निवड झाली. मे महिन्यात तो गेला.

आकडे वाईट नसतात हो. ते कुणाला शोधण्यासाठी वापरता, राबणाऱ्याला की बळीच्या बकऱ्याला, यावर सगळं आहे. तुमच्या टीममध्ये पकडी करणारा कोण आहे, ठाऊक आहे?