दापोडीची बाग आणि आजोबांचे खोरे

दिवाळीची आवराआवर माजघरापासून सुरू होते आणि परसातल्या शेडपाशी येऊन दमते, असा आमच्या घरचा रिवाज. यंदा ती शेड माझ्या वाट्याला आली. खोरे, कुदळ, टिकाव, दाताळे आणि आंबे उतरवायची बांबूची लांब आकडी अशी सारी मंडळी एका कोपऱ्यात एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून उभी. एकाला हात लावावा तर चौघे अंगावर! जमिनीला टेकलेल्या दांड्यांत वाळवीने संसार थाटलेला.

“अहो, भंगारवाल्याला बोलावू का?” सौभाग्यवतींनी विचारले. प्रश्न वाजवी होता. भाऊबंदांत इमारतीची बोलणी चालली आहेत. पुढच्या दिवाळीला हे परस असेल की नाही, कोण जाणे. पण एवढ्यात आजोबांचे खोरे हाती आले. त्याच्या बाभळीच्या दांड्यावर कोयत्याने पाडलेल्या दोन खाचा आहेत. चार माळ्यांच्या खोऱ्यांत आपले ओळखू यावे म्हणून! त्या खाचांवर अंगठा फिरवताना मला आमच्या गावची जुनी बाग आठवली.

पेशव्यांच्या कवायती पलटणीचा अधिकारी कॅप्टन फोर्ड याचा बंगला दापोडीस होता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई जुंपली, तेव्हा तो येथूनच पलटण घेऊन इंग्रजांना जाऊन मिळाला. पुढे १८२८ मध्ये, सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना, त्याच्या जागेत सरकारी वनस्पती-उद्यान उभे राहिले. १८३८ पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन त्याचे अधीक्षक होते. परमुलखातली झाडे येथे रुजवून पाहायची, औषधी वनस्पती वाढवायच्या, असा तेथला उद्योग. १८४७ च्या सुमारास गिब्सनसाहेबांनी एका चित्रकाराकडून झाडाफुलांची चित्रे काढविली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती-उद्यानात आहेत आणि हेन्री नोल्टी यांनी २००२ मध्ये त्यांवर सुंदर ग्रंथ लिहिला. बाग मात्र १८६५ मध्येच मोडली.

गंमत पाहा, त्या चित्रकाराचे नाव कोणी टिपून ठेवले नाही. मग आळी करणाऱ्या माळ्यांची काय कथा! फूल कागदावर उतरले, खोरे उतरले नाही. विलायती माळी फावड्याच्या पात्यावर बूट रोवून माती पुढे उचलतो. आपला माणूस कमरेत वाकून ती स्वतःकडे ओढतो. अनवाणी पायाने लोखंडावर भार कसा द्यायचा? साहेबांची झाडे कुठलीही असोत, त्यांना पाणी पाजणारे हात इकडचेच असणार.

असो. भिंतीला छातीच्या उंचीवर फळी ठोकली, तीत जोडीजोडीने खुंट्या बसविल्या आणि अवजारे पाते वर, दांडा खाली अशी टांगली. दांड्याचे टोक जमिनीपासून वीतभर वर राहिले की वाळवीला आयते जेवण मिळत नाही. आकडी आढ्याखाली आडवी गेली. वाळवीने पोखरलेले दोन दांडे चुलीत गेले. कुदळीचा दांडा आटून हलत होता. लोक अशा वेळी ती पाण्यात बुडवून ठेवतात, पण वाळली की पुन्हा तेच. म्हणून सुताराकडून पाचर मारून घेतली. दांड्यांना जवसाचे तेल चोळले.

आजोबांचे खोरे पहिल्या खुंटीवर, खाचा दिसतील असे लावले. सौभाग्यवती डोकावून गेल्या. भंगारवाल्याचे नाव निघाले नाही. संध्याकाळी नातवंडांना किल्ल्यासाठी माती हवी होती. त्यांनी नेमके तेच खोरे उचलले. “काम झाले की जागेवर टांगा रे,” एवढेच मी बजावले.